रक्तबिंबिकांचा शोध आणि रक्तक्लथनविचार : एक ऐतिहासिक आढावा (१८४२ ते २००१)

प्रस्तावना

पावसाळा सरत आला की महाराष्ट्रात घरोघरी आणि दवाखान्यांच्या बाकांवर ‘प्लेटलेट किती आल्या?’ हा प्रश्न ऐकू येतो. डेंग्यूच्या साथींमुळे वैद्यकशास्त्रातील हा पारिभाषिक शब्द सर्वसामान्यांच्या बोलण्यात रुळला आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यासाठी ‘रक्तपट्टिका’ किंवा ‘रक्तबिंबिका’ हे शब्द योजले जातात, तर काही ग्रंथांत ‘बिंबाणू’ ही संज्ञा आढळते. प्रस्तुत निबंधात ‘रक्तबिंबिका’ ही संज्ञा स्वीकारली आहे.

रक्तबिंबिका हा रक्तातील सर्वांत लहान पेशीय घटक होय. तिचा व्यास साधारणतः २ ते ३ मायक्रॉन असून तिला केंद्रक नसते. निरोगी माणसाच्या एक मायक्रोलीटर रक्तात सुमारे १,५०,००० ते ४,५०,००० रक्तबिंबिका असतात व प्रत्येकीचे आयुष्य ८ ते १० दिवसांचे असते. रक्तवाहिनीला इजा झाली की त्या उघड्या पडलेल्या भित्तीला चिकटतात, आकार बदलतात, आपल्या कणिकांतील द्रव्ये बाहेर टाकून इतर रक्तबिंबिकांना ओढून घेतात आणि त्यांच्या समूहाचे बूच जखमेच्या तोंडाशी बसते. याच बुचाच्या पृष्ठभागावर रक्तद्रवातील प्रथिनांच्या अभिक्रिया होऊन फायब्रिनचे तंतू निर्माण होतात व बूच पक्के होते.

हे वर्णन आज कोणत्याही शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात सापडते. तथापि तेथवर पोहोचण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. तांबड्या पेशी लेव्हेनहुक यांनी १६७४ मध्येच पाहिल्या होत्या. रक्तबिंबिका सूक्ष्मदर्शकाखाली अनेकांना दिसल्या, पण त्यांचे कार्य १८८२ पर्यंत कोणी सिद्ध केले नाही. आणि ते सिद्ध झाल्यावरही रक्तक्लथनाच्या सिद्धांतात त्यांना मध्यवर्ती स्थान मिळण्यास पुढे शतकभर वाट पाहावी लागली. असे का घडले, या प्रश्नाचा शोध घेणे हा या निबंधाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१. रक्तबिंबिकांच्या शोधातील प्रमुख टप्प्यांचा कालक्रमाने आढावा घेणे.
२. दृष्टीस पडलेला घटक दीर्घकाळ दुर्लक्षित राहण्याची कारणे तपासणे.
३. या इतिहासाचा आजच्या अध्यापनाशी व रुग्णोपचाराशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती

सदर लेखनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन मुख्यतः युरोप व अमेरिका येथील संशोधनापुरते मर्यादित आहे, कारण विचाराधीन कालखंडातील निर्णायक प्रयोग तेथेच झाले.

१. दिसूनही न ओळखलेला घटक

अठराव्या शतकात इंग्रज शरीरशास्त्रज्ञ विल्यम ह्यूसन यांनी रक्त गोठण्याची क्रिया तांबड्या पेशींमुळे होत नसून रक्तातील द्रवभागामुळे होते, असे प्रयोगाने दाखवले. त्यांचा ग्रंथ १७७१ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष योग्यच होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, रक्तक्लथनाचा विचार करणाऱ्यांची नजर द्रवभागावर खिळली आणि पेशींकडे पाहण्याचे कारण उरले नाही.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत सुधारणा झाली. फ्रान्समध्ये आल्फ्रेद दोने यांनी १८४२ मध्ये रक्तातील अतिसूक्ष्म कणांचे वर्णन केले. इंग्लंडमध्ये जॉर्ज गलिव्हर व विल्यम ॲडिसन यांनीही त्याच सुमारास असे कण पाहिले होते. यांपैकी कोणालाही ते रक्ताचे स्वतंत्र घटक आहेत असे ठामपणे सांगता आले नाही. काहींना ते पेशींचे तुकडे वाटले, काहींना मेदाचे थेंब, तर काहींना गोठू लागलेले प्रथिन.

या संभ्रमाला प्रत्यक्ष कारण होते. शरीराबाहेर काढलेले रक्त काचपट्टीवर ठेवताच रक्तबिंबिका काही क्षणांत चिकटून गोळा होतात, फुगतात व आकारहीन होतात. निरीक्षक भिंगातून पाहू लागेपर्यंत मूळ घटक नाहीसा होऊन त्याचा अवशेष तेवढा उरलेला असे. रक्तबिंबिकेचे जे मुख्य कार्य, तेच तिच्या ओळखीच्या आड येत होते.

या दृष्टीने बॉन येथील माक्स शुल्ट्झे यांचा १८६५ चा लेख महत्त्वाचा ठरतो. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला तापवता येणारा मंच जोडून रक्त शरीराच्या तापमानाला ठेवले. त्यांचे मुख्य लक्ष पांढऱ्या पेशींकडे होते. परंतु त्यांबरोबर दिसणारे रंगहीन सूक्ष्म गोल व त्यांचे पुंजके हे निरोगी रक्ताचा नेहमीचा भाग आहेत, असे त्यांनी नोंदवले आणि मानवी रक्ताचा सखोल अभ्यास करणाऱ्यांनी त्यांकडे लक्ष द्यावे अशी शिफारस केली.

पुढे वैद्यकशास्त्रातील थोर अध्यापक म्हणून ख्याती पावलेले विल्यम ऑस्लर हे तरुणपणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अभ्यास करीत असताना त्यांनी एक मोलाचे निरीक्षण केले. काढलेल्या रक्तात पुंजक्यांच्या रूपाने दिसणारे हे कण उंदराच्या रक्तवाहिनीत मात्र सुटेसुटे वाहताना दिसतात, असे त्यांना आढळले. म्हणजे पुंजके बनणे ही रक्त बाहेर आल्यानंतरची घटना होती. १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधाच्या शीर्षकात त्यांनी या कणांना ‘जीव’ म्हटले. जंतूंविषयीच्या चर्चेने भारलेल्या त्या काळात त्यांना या कणांच्या स्वरूपाचा निश्चित निर्णय करता आला नाही.

पॅरिसमधील झॉर्झ हायेम यांनी १८७८ च्या सुमारास या कणांची बऱ्याच अचूकतेने मोजदाद केली. पण ते तांबड्या पेशींचे पूर्वरूप होत, असा त्यांचा समज झाला व त्यांनी तसे अर्थसूचक नावही दिले. एकंदरीत दोने ते हायेम या छत्तीस वर्षांत निरीक्षणे वाढत गेली, परंतु प्रत्येकाने हाताशी असलेल्या कल्पनेच्या चौकटीत ती बसवली.

२. बिझोझेरो यांचे निरीक्षण

इटलीतील ज्युलिओ बिझोझेरो (१८४६ ते १९०१) हे वयाच्या २७ व्या वर्षी तुरीन विद्यापीठात प्राध्यापक झाले. तांबड्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात हे दाखवणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. १८८१ मध्ये त्यांनी एक छोटे टिपण व १८८२ मध्ये सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. इटालियन, फ्रेंच व जर्मन भाषांत त्यांनी या कणांना ‘छोटी पट्टी’ किंवा ‘छोटी तबकडी’ अशा अर्थाची साधी नावे दिली. त्या नावांतून कोणताही सिद्धांत सूचित होत नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बिझोझेरो यांनी गुंगी दिलेल्या गिनीपिग व सशाच्या आंत्रपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. रक्त वाहत असताना त्यांना तांबड्या व पांढऱ्या पेशींसमवेत तिसरा घटक सुट्या तबकड्यांच्या रूपात दिसला. नंतर त्यांनी वाहिनीच्या भित्तीला मुद्दाम इजा केली. इजेच्या जागी सर्वप्रथम येऊन चिकटल्या त्या या तबकड्या; पांढऱ्या पेशी मागाहून आल्या. तबकड्यांचा थर वाढत जाऊन त्याने रक्तस्रावाची वाट अडवली.

दुसऱ्या प्रयोगात त्यांनी ताज्या रक्तात दोरे फिरवले. काही वेळाने दोरे धुऊन पाहिले असता त्यांवर रक्तबिंबिकांचा थर आढळला आणि फायब्रिन त्यानंतर जमल्याचे दिसून आले. या दोन प्रयोगांमुळे रक्तबिंबिका चिकटणे व त्यापाठोपाठ रक्तक्लथन होणे हा क्रम प्रथमच पुराव्यानिशी मांडला गेला. हायेम यांच्याशी अग्रक्रमावरून वाद झाला. तो कालांतराने मागे पडला आणि रक्तबिंबिका हा स्वतंत्र घटक असल्याचे बिझोझेरो यांचे मत टिकून राहिले.

एक दुवा मात्र त्यांच्याही हातून सुटला. अस्थिमज्जेतील महाकाय पेशी त्यांनी पाहिल्या होत्या, तरी रक्तबिंबिका त्यांपासूनच निपजतात हे त्यांच्या ध्यानात आले नाही. बॉस्टन येथील जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्ये हा दुवा जोडला. त्यांनी स्वतः सिद्ध केलेल्या रंजकाने महाकाय पेशींतील कणिका आणि रक्तबिंबिकांतील कणिका एकाच रंगछटेत रंगल्या. आपल्याकडील प्रयोगशाळांत रक्ताचा पातळ थर रंगवण्यासाठी सर्रास वापरले जाणारे लाइशमन रंजक त्याच कुळातील आहे.

३. क्लथनाचे रसायन आणि बाजूला पडलेली पेशी

बिझोझेरो यांच्या कार्याला त्या काळच्या प्रबळ विचारप्रवाहाशी सामना करावा लागला. डोर्पाट येथील आलेक्झांडर श्मिट यांनी रक्तक्लथन ही विकरामुळे घडणारी रासायनिक क्रिया असल्याचे प्रतिपादन केले होते व त्या विकराचा उगम पांढऱ्या पेशींत मानला होता. १८९० मध्ये आर्थ्युस व पाजेस यांनी कॅल्शियमची आवश्यकता दाखवली. १९०५ साली पॉल मोराविट्झ यांनी फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, थ्रॉम्बोकायनेज व कॅल्शियम या चार घटकांचा सिद्धांत मांडला. या मांडणीत रक्तबिंबिकांना थ्रॉम्बोकायनेज पुरवणाऱ्या पेशींपैकी एक, एवढेच स्थान मिळाले.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. परीक्षानळीतील रक्त घट्ट होणे म्हणजे रक्तक्लथन. जखमेतून वाहणारे रक्त थांबणे म्हणजे रक्तस्तंभन. एबर्थ व शिमेलबुश यांनी १८८० च्या दशकातच रक्तबिंबिकांचे एकत्र चिकटणे व रक्ताचे गोठणे या भिन्न घटना आहेत असे दाखवले होते. तथापि परीक्षानळीत मोजता येते ते क्लथन. म्हणून संशोधनाचा ओघ तिकडेच वळला.

४. रुग्णांनी दिलेले पुरावे

रक्तबिंबिकांची बाजू विसाव्या शतकात उचलून धरली ती रुग्णालयांनी. बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या विल्यम ड्यूक यांनी १९१० साली तीन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन रक्त किती वेळाने थांबते हे टिपकागदावर पाहण्याची सोपी चाचणी त्यांनी तयार केली. त्यांच्या रुग्णांच्या अंगावर रक्तस्रावाचे डाग होते, रक्तबिंबिका अत्यल्प होत्या व रक्तस्रावाचा अवधी फार वाढलेला होता. मात्र नळीत घेतलेले रक्त नेहमीच्याच वेळात गोठत होते. रक्त देताच रक्तबिंबिकांची संख्या वाढली व रक्तस्राव थांबला. काही दिवसांनी संख्या घटताच तो पुन्हा सुरू झाला. क्लथन आणि रक्तस्तंभन एक नव्हेत, याचा याहून स्पष्ट पुरावा सांगता येणार नाही.

१९१६ मध्ये प्राग येथे पॉल काझ्नेल्सन या वैद्यकीय विद्यार्थ्याने, रक्तबिंबिकांचा नाश प्लीहेत होत असावा असे अनुमान करून एका रुग्ण स्त्रीची प्लीहा काढण्याचे सुचवले. शस्त्रक्रियेनंतर तिच्या रक्तबिंबिका वाढल्या. हा नाश कशामुळे होतो याचे उत्तर अमेरिकेतील विल्यम हॅरिंग्टन यांनी स्वतःच्या शरीरावर मिळवले. अशा एका रुग्णाचे रक्त त्यांनी स्वतःला टोचून घेतले. काही तासांतच त्यांच्या रक्तबिंबिका धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या. काही दिवसांनी त्या पूर्ववत झाल्या. रुग्णाच्या रक्तद्रवातच नाशकारक घटक असतो, हा निष्कर्ष १९५१ साली प्रसिद्ध झाला. असा प्रयोग आजची कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही; परंतु आजाराच्या आकलनाची दिशा त्याने बदलली, हेही नाकारता येत नाही.

केवळ संख्येने सर्व काही ठरत नाही, हेही रुग्णांनीच शिकवले. स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी १९१८ मध्ये रक्तबिंबिकांची संख्या पुरेशी असूनही रक्तस्राव होणाऱ्या मुलांचे वर्णन केले. त्यांच्या रक्तबिंबिकांच्या पटलावर ठरावीक ग्लायकोप्रथिनाचा अभाव असतो, हे पॅरिसमध्ये १९७४ साली आढळले. एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरील एका कुटुंबाचा अभ्यास मांडला. त्यांनी तपासलेली पाच वर्षांची मुलगी पुढे तेराव्या वर्षी मासिक पाळीतील रक्तस्रावाने मृत्यू पावली. तिच्या कुटुंबातील दोष रक्तबिंबिकांत नसून, त्यांना जखमी भित्तीशी जोडणाऱ्या रक्तद्रवातील प्रथिनात होता, हे १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये झालेल्या कामामुळे उलगडले. पेशी आणि द्रवभाग यांत शतकभर मांडलेला विरोध येथे निरर्थक ठरला.

या ज्ञानाचा सर्वांत मोठा लाभ रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना झाला. १९६२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी या रुग्णांतील रक्तबिंबिकांची संख्या व रक्तस्राव यांचे प्रमाण आकड्यांत मांडले. रक्तबिंबिका वेगळ्या करून देणे शक्य झाल्यावर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटले आणि तीव्र औषधोपचार करण्याचा मार्ग खुला झाला.

५. ‘धबधबा’ सिद्धांत आणि त्यातील उणीव

१९६४ साली इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन यांनी आणि अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ यांनी रक्तक्लथनाची साखळी स्वतंत्रपणे मांडली. एक घटक दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला कार्यान्वित करतो व शेवटी फायब्रिन तयार होते, ही ‘धबधब्या’ची मांडणी सुबोध होती. प्रयोगशाळेतील चाचण्या तिच्याशी जुळत होत्या. पण या चाचण्या रक्तबिंबिका काढून टाकलेल्या रक्तद्रवावर केल्या जात व त्यांच्या जागी नळीत फॉस्फोलिपिडाचा अर्क घातला जाई. रक्तबिंबिका एका द्रव्याने बदलता येते, हे चाचणीच्या सोयीसाठी गृहीत धरलेले होते. कालांतराने तेच शरीराचे वर्णन समजले जाऊ लागले.

रुग्णालयातील अनुभव मात्र या आकृतीत बसत नव्हते. बाराव्या घटकाचा अभाव असलेल्या व्यक्तीचे रक्त नळीत गोठण्यास फार वेळ लागतो, तरी तिला रक्तस्रावाचा त्रास होत नाही. उलट हिमोफिलियाच्या रुग्णात साखळीचा दुसरा मार्ग शाबूत असूनही गंभीर रक्तस्राव होतो. २००१ मध्ये मॉरीन हॉफमन व ड्यूगल्ड मन्रो यांनी पेशीआधारित मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार क्लथनाचा प्रारंभ ऊतीघटक धारण करणाऱ्या पेशीवर होतो; अल्पसे थ्रॉम्बिन तयार होऊन त्याने रक्तबिंबिका जागृत होतात; आणि त्यांच्या पृष्ठभागावर थ्रॉम्बिनची मोठी निर्मिती होते. हिमोफिलियात ही शेवटची पायरी अडते. बिझोझेरो यांनी भिंगातून पाहिलेला क्रम अशा प्रकारे ११९ वर्षांनी सिद्धांताच्या केंद्रस्थानी आला.

६. ॲस्पिरिन : उपकारक कार्याची दुसरी बाजू

जखमेत प्राण वाचवणारी रक्तबिंबिका हृदयाच्या रोहिणीतील फाटलेल्या मेदथरावरही तितक्याच तत्परतेने चिकटते व हृदयविकाराचा झटका ओढवतो. कॅलिफोर्नियातील सामान्य वैद्य लॉरेन्स क्रेव्हन यांना, टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर ॲस्पिरिनयुक्त गोंद चघळणाऱ्या रुग्णांत रक्तस्राव अधिक होतो असे जाणवले. त्यावरून हृदयविकार टाळण्यासाठी ॲस्पिरिन द्यावे असे त्यांनी १९५० पासून लहान नियतकालिकांतून सुचवले. तुलनागट नसल्यामुळे त्यांच्या म्हणण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही आणि १९५७ मध्ये ते स्वतःच हृदयविकाराने निवर्तले.

दरम्यान लंडनमध्ये गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ साली रक्तबिंबिकांनी गढूळ दिसणाऱ्या रक्तद्रवातून प्रकाश सोडून, पुंजके बनताच तो किती अधिक पार होतो हे मोजण्याची पद्धत मांडली. रक्तबिंबिकांचे वर्तन आता आकड्यांत पकडता आले. १९६७ मध्ये वाइस व ॲलेडॉर्ट यांनी ॲस्पिरिनचा रक्तबिंबिकांवरील परिणाम दाखवला आणि १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबवण्याचे त्याचे कार्य उघड केले. केंद्रक नसल्याने रक्तबिंबिका निकामी झालेले विकर नव्याने तयार करू शकत नाही. म्हणून थोड्या मात्रेचा परिणाम तिच्या आयुष्यभर टिकतो. १९८८ साली १७,१८७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, झटका आल्यावर महिनाभर दिलेल्या ॲस्पिरिनने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. क्रेव्हन यांचे अनुमान त्यांच्या पश्चात ३१ वर्षांनी प्रमाणित झाले.

निष्कर्ष

१. रक्तबिंबिका दिसणे आणि ओळखली जाणे यांत सुमारे चार दशकांचे अंतर पडले. भिंगांची उणीव हे त्याचे एक कारण असले तरी काढलेल्या रक्तातच उत्तर शोधण्याची सवय हे अधिक मोठे कारण होते.
२. वाहते रक्त किंवा प्रत्यक्ष रुग्ण समोर ठेवून प्रश्न विचारला गेला तेव्हा निर्णायक प्रगती झाली. बिझोझेरो, ड्यूक व हॉफमन-मन्रो ही त्याची ठळक उदाहरणे होत.
३. चाचणीसाठी केलेले सुलभीकरण पुढे निसर्गाचे वर्णन म्हणून स्वीकारले जाण्याचा धोका ‘धबधबा’ सिद्धांताच्या इतिहासातून स्पष्ट होतो.

समारोप

हा इतिहास केवळ भूतकाळाचा नाही. अनेक वर्गांत आजही फळ्यावर धबधब्याची आकृती काढून रक्तक्लथनाचा पाठ संपवला जातो व रक्तबिंबिकेच्या वाट्याला एखादे वाक्य येते. आकृती टाकाऊ नाही. प्रयोगशाळेतील चाचण्यांचा अर्थ लावण्यास ती उपयोगी पडते. मात्र ती नळीतील घटनेची आहे, शरीरातील नव्हे, एवढे विद्यार्थ्यांना सांगणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.

डेंग्यूच्या रुग्णाचे नातलग रक्तपेढीकडे धाव घेतात तेव्हाही हाच प्रश्न उभा असतो. २०१७ मध्ये सिंगापूर व मलेशियातील चाचणीत, रक्तबिंबिका २०,००० किंवा त्याहून कमी असलेल्या, परंतु लक्षणीय रक्तस्राव नसलेल्या प्रौढ रुग्णांना त्या देऊनही रक्तस्राव टळला नाही. डेंग्यूतील मोठा धोका बहुधा रक्तद्रव वाहिन्यांबाहेर झिरपण्याचा असतो. अहवालावरील एका आकड्याने भयभीत झालेल्या कुटुंबाला हे समजावून सांगणारी व्यक्ती आपल्याच एखाद्या वर्गातून बाहेर पडलेली असेल. तिने आकड्यापलीकडे रुग्णाकडे पाहावे, हीच या इतिहासाची शिकवण होय.